भाषेची परीक्षा आणि संशयाचा न्याय

सरकारी नोकरीच्या परीक्षांत भाषेला जे स्थान आहे, ते आपल्या लोकांनी नीट ध्यानात घेतलेले नाही असे आम्हास वाटते. महाराष्ट्रातील अनेक गट-क पदांच्या सरळसेवा भरतीत शंभर प्रश्नांची आणि दोनशे गुणांची परीक्षा होते. तीत मराठीचे पंचवीस व इंग्रजीचे पंचवीस प्रश्न असतात. म्हणजे निम्मे गुण केवळ दोन भाषांचे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द असावा लागतो, तोही भाषेच्याच हाताचा वेग होय. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दीडशे गुणांपैकी साठ गुण दोन भाषांना दिलेले आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत एक भारतीय भाषा व इंग्रजी अशा प्रत्येकी तीनशे गुणांच्या दोन पत्रिका असतात. त्यांचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, परंतु त्यांत २५ टक्के गुण मिळाले नाहीत तर उमेदवाराचे बाकीचे सारे परिश्रम व्यर्थ जातात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आणि तेथेही भाषेचा हाच उंबरठा बसविला.

जेथे उंबरठा असतो तेथे तो चोरवाटेने ओलांडून देणारे दलालही उभे राहतात. गणित किंवा कायदा ज्याला येत नाही तो बहुधा परीक्षेलाच बसत नाही. भाषेच्या बाबतीत मात्र प्रत्येकाला वाटते की आपल्याला थोडीफार येते, थोडक्यात गेले तर गेले, आणि त्या थोडक्यासाठी कोणी मदत करणार असेल तर काय बिघडले? येथूनच कॉपीचा धंदा सुरू होतो. एकाच्या नावावर दुसराच टंकलेखन करून जातो, त्याला भरतीच्या बाजारात डमी म्हणतात. कानात ब्लूटूथचे यंत्र बसवून बाहेरून उत्तरे सांगितली जातात. प्रश्नपत्रिका आदल्या रात्री फुटते. आणि सर्वांत वाईट म्हणजे उमेदवाराने काही न करताच निकालाच्या यादीत त्याचे गुण वाढविले जातात. २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी शिक्षक पात्रता परीक्षेचे जे प्रकरण उघडकीस आणले, ते या शेवटच्या जातीचे होते. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेच्या प्रमुखालाच त्यात अटक झाली. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या त्या परीक्षेतील साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांना पुढे २०२२ साली अपात्र ठरविण्यात आले. मुलांना मातृभाषेचे पहिले अक्षर शिकविण्याचा अधिकार ज्या परीक्षेने द्यावयाचा, तिचीच ही गत.

चोरी झाली हे कोणी नाकारीत नाही आणि चोराला शासन व्हावे याबद्दल आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याच्यावर संशय आहे आणि ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे, ही दोन माणसे एकच आहेत असे समजून राज्ययंत्रणा वागू लागली तर काय होते, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर कल्पनेने द्यावयाची गरज नाही, कारण ते घडून गेलेले आहे.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. ते नोकरीचे नसून व्हिसाचे आहे, पण भाषेच्या परीक्षेतील संशय सरकारने कसा हाताळू नये याचा इतका स्पष्ट धडा दुसरा सापडणार नाही. तेथे शिकावयास आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागे. ती एक अमेरिकन संस्था घेत असे. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीने काही केंद्रांवर चाललेली तोतयेगिरी उघड केली आणि ती खरीच होती. मग सरकारने त्या संस्थेला सारे जुने ध्वनिमुद्रण तपासावयास लावले. संस्थेने २०११ ते २०१४ या काळातील ५८ हजारांहून अधिक चाचण्यांचे आवाज यंत्राने व कानाने पारखले आणि सांगितले की सुमारे ३४ हजार चाचण्या अवैध आहेत व आणखी सुमारे २२ हजार शंकास्पद आहेत. म्हणजे शंभरातील सत्त्याण्णव जणांवर बोट! कोणत्याही परीक्षेत शंभरातील सत्त्याण्णव चोर निघाले असे कोणी सांगितले, तर शहाण्या माणसाने आधी मोजणाराचे माप तपासावे. तेथील गृहखात्याने ते नीट तपासले नाही. व्हिसे रद्द झाले, महाविद्यालयांनी मुले काढून टाकली, हजारो परत गेले. त्यांत आपल्या देशाची, पाकिस्तानची व बांगलादेशाची मुले बरीच होती. ज्या आवाजावरून आपल्याला खोटे ठरविले तो आवाज आरंभी अनेकांना ऐकावयासही मिळाला नाही. कित्येकांना तर देश सोडून बाहेरून अपील करा असे सांगण्यात आले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ साली या प्रकरणावर अहवाल दिला, तेव्हापर्यंत सुमारे साडेबारा हजार अपिले ऐकली गेली होती आणि त्यांतली सुमारे ३,६०० विद्यार्थ्यांनी जिंकली होती. न्यायासनांचेही मत एकसारखे राहिले नाही. २०१६ साली वरिष्ठ न्यायाधिकरणाने सरकारच्या पुराव्यात अनेक उणिवा दाखविल्या. २०२२ साली त्याच न्यायाधिकरणाने दुसऱ्या प्रकरणात हा पुरावा पुरेसा आहे असे म्हटले. यातून फसवणूक झाली नव्हती असा अर्थ कोणी काढू नये, ती झालीच होती. परंतु खरे चोर आणि निरपराध मुले एकाच पोत्यात घालून पोत्याचे तोंड शिवले गेले, आणि मग कोण कोण आहे हे शोधण्यात आठ-आठ वर्षे गेली. विशीतल्या मुलाची आठ वर्षे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात पहिलाच मुलगा शिकला त्यांना सांगावयास नको.

आता आपल्या देशाकडे या. पश्चिम बंगालच्या शाळा सेवा आयोगाने २०१६ साली केलेल्या शिक्षक व कर्मचारी भरतीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२५ रोजी दिला. २५,७५३ नेमणुका रद्द झाल्या. न्यायालयाने कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल मुख्यत्वे कायम केला, कारण साऱ्या निवड प्रक्रियेलाच कीड लागली होती आणि ती निवडून बाहेर काढता येत नव्हती. का काढता येत नव्हती? मूळ उत्तरपत्रिका नष्ट करण्यात आल्या होत्या आणि त्यांच्या संगणकीय प्रतीही आयोगाजवळ नव्हत्या. ज्यांच्यावर ठपका सिद्ध झाला त्यांनी वेतन परत करावे आणि ज्यांच्यावर तो नव्हता त्यांना वेतन परत करावे लागणार नाही, एवढा भेद न्यायालयाने केला. नोकरी मात्र दोघांचीही गेली. ज्या प्रामाणिक शिक्षिकेने रात्री जागून अभ्यास केला, तिची नोकरी तिच्या कोणत्याही अपराधामुळे गेली नाही. कोणीतरी कागद जाळले किंवा फाडले, म्हणून ती गेली. यास्तव आम्ही म्हणतो की परीक्षेतील गैरप्रकाराविरुद्धचा पहिला कायदा उमेदवाराला शिक्षा देणारा नसावा, तो उत्तरपत्रिका जपून ठेवणारा असावा. कागद शाबूत असेल तर चोर सापडतो आणि सज्जनही सुटतो. कागद गेला की दोघे सारखेच.

आमच्या न्यायालयांनी याबाबत काहीच सांगितलेले नाही असे नव्हे. १९६२ सालीच सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातील इंटरमिजिएट परीक्षेच्या तिघा विद्यार्थ्यांचे प्रकरण आले होते. गैरमार्ग वापरला म्हणून मंडळाने त्यांचे निकाल रद्द केले, परंतु त्यांना विचारले काहीच नाही. न्यायालय म्हणाले की विद्यार्थ्याच्या आयुष्यावर असा डाग लावणाऱ्या मंडळाने न्यायाधीशाच्या वृत्तीने वागले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. १९७० साली बिहारमधील एका परीक्षा केंद्राचे प्रकरण आले. तेथे साऱ्या केंद्रावरच सामुदायिक कॉपी झाल्याचे उत्तरपत्रिकांवरून दिसत होते. तेव्हा न्यायालयाने म्हटले की कोणा एकावर आरोप न ठेवता सबंध केंद्राची परीक्षा रद्द करून फेरपरीक्षा घ्यावयाची असेल, तर प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी लागत नाही. हे दोन निकाल परस्परविरोधी नाहीत. पहिला व्यक्तीवरच्या डागाचा आहे, दुसरा परीक्षेच्या शुद्धतेचा. कोणाच्याही नावापुढे ‘लबाड’ असे न लिहिता परीक्षा पुन्हा घेणे वेगळे, आणि नाव घेऊन एखाद्याला घराबाहेर काढणे वेगळे. आमच्या सरकारी कचेऱ्यांत या दोहोंची सर्रास गल्लत होते आणि ती पुष्कळदा सोयीची म्हणून केली जाते.

२००३ सालचा तिसरा निकाल आम्हास सर्वांत उपयोगी वाटतो. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या शिपाई भरतीत गुणांकनाचे घोटाळे आढळले म्हणून सारी निवड यादीच रद्द झाली. परंतु तपासणीत केवळ ३१ उमेदवार चुकीने निवडले गेल्याचे दिसले होते आणि बाकीच्यांबद्दल तसा दोष आढळला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्यांना वेगळे काढता येते त्यांना वेगळे काढा, त्यांच्यापायी निर्दोषांची निवड मोडण्याचे कारण नाही. सबंध भरती रद्द करून टाकणे हे कित्येक अधिकाऱ्यांना कडकपणाचे लक्षण वाटते. आमच्या मते बहुतेक वेळा ते आळसाचे लक्षण असते. बाराशे उत्तरपत्रिका तपासण्यापेक्षा एका सहीने बाराशे उमेदवार घरी पाठविणे सोपे जाते.

भाषेच्या परीक्षेत तर हा आळस विशेष घातक आहे. गणिताच्या दोन उत्तरपत्रिकांत एकच चमत्कारिक चूक पायरी-पायरीने सापडली तर संशय बळकट होतो. शेजारी बसलेल्या दोघांच्या चुका तंतोतंत जुळल्या आणि त्यांना खुलाशाची संधी देऊनही समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येतो हे न्यायालयांनीही मान्य केले आहे. परंतु भाषेत साम्य येण्यास कॉपीवाचून दुसरी अनेक कारणे असतात. जिल्ह्याच्या गावी एकच क्लास असतो. त्या क्लासात एकच मार्गदर्शक पुस्तक वापरतात. त्या पुस्तकात एखाद्या समासाचे किंवा प्रयोगाचे उत्तर चुकीचे छापलेले असेल, तर त्या गावची शंभर मुले तेच चुकीचे उत्तर प्रामाणिकपणे लिहून येतात. निबंधाची गोष्ट तर याहूनही उघड आहे. ज्याच्या घरात मराठीची चार पुस्तके नाहीत आणि ज्याचा बाप ऊसतोडीला जातो, तो मुलगा क्लासच्या टिपणवहीतले दहा निबंध तोंडपाठ करून जातो. त्याचा आणि त्याच्या मित्राचा निबंध शब्दाला शब्द जुळतो. निबंध पाठ करणे वाईट असेल, पण तो गुन्हा नव्हे. संगणक मात्र एवढेच सांगतो की हे दोन निबंध सारखे आहेत. ते का सारखे आहेत हे त्याला कळत नाही, ते शोधणे माणसाचे काम आहे. ज्यांची मुले घरीच प्रमाण मराठी बोलत वाढली त्यांचे निबंध एकमेकांसारखे होत नाहीत, म्हणून यंत्राच्या जाळ्यात तीही सापडत नाहीत. साम्याच्या मापाने चोर शोधू लागलो की ते जाळे गरीब वस्तीवर अधिक दाट पडते.

येथे एक कटु गोष्ट बोलणे भाग आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून किंचित अधिक जागा राखून ठेवण्यात आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली ते प्रमाण साडेबारा टक्क्यांवर गेले. तेव्हापासून आजतागायत राखीव जागेवर आलेल्या माणसाकडे कचेरीतल्या कित्येकांनी दोनच नजरांनी पाहिले आहे. त्याला भाषेत कमी गुण पडले तर तो नालायक, आणि अधिक पडले तर याने एवढे गुण आणले कोठून? ही दुसरी नजर पहिलीहून विषारी आहे. पहिल्या नजरेला अभ्यासाने उत्तर देता येते. दुसरीला उत्तर द्यावयास गेले की अभ्यासच पुरावा म्हणून आपल्याविरुद्ध उभा केला जातो. तोंडी परीक्षेत ज्याच्या उच्चारात वऱ्हाडची किंवा मराठवाड्याची छटा आहे, त्याने लेखी परीक्षेत शुद्ध व्याकरण लिहिले म्हणजे ते त्याचे नव्हे असा निष्कर्ष काढणाऱ्यास भाषा म्हणजे काय हे ठाऊक नाही. बोलणे आईच्या मांडीवर शिकले जाते, व्याकरण दिव्याखाली. दोहोंत अंतर असणे हे शिकलेल्या माणसाचे लक्षण आहे.

संशय आल्यावर काय करावे, याबद्दलची आमची मते आता सांगतो. ज्याच्यावर संशय आहे त्याला नोटीस द्यावी आणि तीत संशयाचे कारण लिहावे. ‘आपण गैरप्रकार केल्याचे निदर्शनास आले आहे’ एवढ्या वाक्याला नोटीस म्हणत नाहीत. कोणत्या प्रश्नांची उत्तरे कोणाशी जुळली, कोणत्या चित्रफितीत काय दिसले, सहीत किंवा अंगठ्याच्या ठशात कोणता फरक आढळला, हे सारे त्याला दाखवावे आणि प्रती द्याव्यात. उत्तर देण्यास पुरेसे दिवस द्यावेत. ज्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली परीक्षा झाली, त्यालाच न्यायाधीश करू नये. ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा आणि तो कारणांसह द्यावा, कारण अनिर्णित संशय ही स्वतःच एक शिक्षा आहे आणि ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही.

पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला म्हणजे दोष सिद्ध झाला, ही समजूत सोडली पाहिजे. तसेच फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत खात्याने हात बांधून बसावे, असेही नाही. फौजदारी न्यायालयात अपराध निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, खात्याच्या चौकशीत संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते ते पाहिले जाते. म्हणून खाते आपला निर्णय आधी देऊ शकते. परंतु पारडे झुकण्यासाठी त्यात काहीतरी वजन ठेवावे लागते, रिकाम्या पारड्यावर बोट दाबून चालत नाही. आणि नेमणूक होऊन जो कायम झाला आहे त्याच्यासाठी तर संविधानाचे ३११ वे कलमच उभे आहे. त्याला आरोप कळविल्यावाचून व त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून काढता येत नाही.

फेरपरीक्षेचा उपाय पुष्कळांना फार आवडतो. ज्याच्यावर संशय आहे त्याला पुन्हा बसवा, येत असेल तर लिहील! वरवर हे न्याय्य दिसते. पण फेरपरीक्षा ज्ञान मोजते, वर्तन मोजत नाही. ज्याला भाषा उत्तम येते त्यानेही त्या दिवशी लबाडी केलेली असू शकते आणि तो दुसऱ्यांदा सहज सुटेल. उलट ज्याने प्रामाणिकपणे उत्तीर्ण होऊन तीन वर्षे तलाठ्याचे काम केले, त्याला अलंकार आणि वृत्ते आज आठवणार नाहीत, आणि दोन कॅमेरे रोखून एकट्याला बसविले तर हातही कापेल. म्हणून फेरपरीक्षा द्यावयाचीच असेल तर ती सबंध केंद्राला किंवा सबंध तुकडीला द्यावी, कोणाही एकट्याला डाग लावून नव्हे. निकाल लागून फार काळ लोटण्यापूर्वी द्यावी, आणि तपासणाऱ्याला हा कोण व का बसला आहे हे कळता कामा नये. टंकलेखनाचे तेवढे वेगळे. तो हाताचा गुण असल्यामुळे फेरचाचणीत बराच खरा उतरतो आणि तेथे डमी ओळखणे सोपे जाते.

केंद्र सरकारने २०२४ साली सार्वजनिक परीक्षांतील अनुचित मार्ग रोखणारा कायदा केला व तो २१ जून २०२४ पासून अमलात आला. केंद्रीय लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे व बँकांच्या भरती परीक्षा त्याच्या कक्षेत येतात. पेपर फोडणाऱ्याला तीन ते पाच वर्षे कैद व दहा लाखांपर्यंत दंड, संघटित टोळीला पाच ते दहा वर्षे कैद व किमान एक कोटीचा दंड, अशा शिक्षा त्यात आहेत. या कायद्याची एक गोष्ट आम्हास योग्य वाटते. त्याचा रोख उमेदवाराहून अधिक टोळ्यांवर, दलालांवर आणि परीक्षा घेणाऱ्या कंत्राटदारांवर आहे. उमेदवाराचा प्रश्न त्याने त्या त्या परीक्षा मंडळाच्या नियमांवर सोडला आहे. आणि नेमके तेच नियम बहुतेक ठिकाणी ढिसाळ आहेत. सुनावणीची रीत, मुदत, अपिलाचा अधिकार यांबद्दल तेथे स्पष्टता हवी. मोठ्या चोरासाठी नवा कायदा झाला, पण ज्याच्यावर खोटा आळ आला त्याच्यासाठी काय झाले, हे आमदार-खासदारांना विचारण्याचा हक्क आपणास आहे.

आपल्या घरातही थोडे डोकावू. दलाल जो येतो तो बाहेरचा असतोच असे नाही. तो कधी नात्यातला असतो, कधी आपल्याच चळवळीची भाषा बोलतो. “वरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वशिल्याने जागा घेतल्या, आता आपण घेतल्या तर पाप कसले?” असे तो म्हणतो आणि आईच्या गळ्यातले मणी व बापाची दोन एकर जमीन घेऊन जातो. या युक्तिवादाचा आम्ही ठाम निषेध करतो. राखीव जागेवर जो पैसे देऊन बसतो, तो कोणा सवर्णाची जागा घेत नाही. त्याच प्रवर्गातील, बहुधा त्याच्याहून गरीब अशा मुलीची जागा तो घेतो. जे दिले गेले नाही ते न घेण्याचे आणि असत्य न बोलण्याचे शील आपण विहारात मोठ्याने म्हणतो, ते परीक्षेच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. आणि जो खरोखर दोषी सापडला तो आपला आहे म्हणून त्याच्यासाठी मोर्चा काढणे ही आपल्या प्रामाणिक मुलांशी प्रतारणा होय. त्यांच्यावरचा संशय अशा मोर्चानेच बळावतो.

मात्र ज्याने काही केलेले नाही त्याने नोटीस आली म्हणून गप्प बसू नये, गावातल्या पुढाऱ्याच्या ओसरीवरही जाऊन बसू नये. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. कशावरून संशय आला त्या कागदांच्या प्रती मागाव्यात. प्रवेशपत्र, उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मिळाली असेल तर ती, क्लासचे पुस्तक आणि सरावाच्या वह्या फेकून देऊ नयेत. त्या वह्या म्हणजे तुमचे साक्षीदार आहेत. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. त्यासाठी दहा रुपयांचे शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाही, आणि उत्तर तीस दिवसांत मिळावयास हवे. नागरी सेवा परीक्षेच्या बाबतीत २०१८ च्या निकालाने या अधिकाराला काही मर्यादा घातल्या आहेत. परंतु जिल्हा परिषद, तलाठी, लिपिक अशा परीक्षांना बसणाऱ्या आपल्या मुलांनी अर्ज करावयास कचरू नये. अर्ज शुद्ध मराठीत आणि स्वतःच्या हाताने लिहावा. भाषेच्या संशयाला त्याहून सरळ उत्तर कोणते?

एक मागणी मात्र राहते आणि ती क्वचितच कोणी करतो. गैरप्रकार सिद्ध होऊन राखीव प्रवर्गातील उमेदवार काढला गेला, तर त्याच्या जागेचे काय होते? वर्तमानपत्रांत कारवाईचे आकडे येतात, रिकाम्या झालेल्या जागेवर कोण आला हे मात्र येत नाही. चौकशी वर्षानुवर्षे चालते, तेवढ्यात प्रतीक्षा यादीची मुदत संपते, खालच्या क्रमांकावरच्या प्रामाणिक मुलीचे वय निघून जाते आणि जागा अनुशेषात जमा होते. पैसे देणाऱ्याने जी जागा तिच्याकडून एकदा घेतली, ती चौकशीच्या दिरंगाईने पुन्हा घेतली जाते. सरकारने स्पष्ट आदेश काढावा की गैरप्रकाराची चौकशी चालू असेतोपर्यंत त्या भरतीची प्रतीक्षा यादी जिवंत राहील, काढलेल्याची जागा त्याच प्रवर्गातील पुढच्या उमेदवारास मिळेल, आणि चौकशीत गेलेली वर्षे त्याच्या वयोमर्यादेत धरली जाणार नाहीत.